बेडकाला भेटायला वडशाला

शुक्रवार

पोस्टरचा फोटो नणंदबाईंनी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. वर लाल अक्षरांत नाटकाचं नाव, त्याखाली पदर तोंडाला लावून रडणारी आई, बंदूक रोखलेला पोलीस, एका कोपऱ्यात दात काढून हसणारा विनोदी नट आणि या सगळ्यांच्या मधोमध एक हिरवा बेडूक. बेडकाशेजारी एका बाईंचा फोटो आणि ओळ : ‘टीव्हीवरील लाडक्या कार्टूनचा आवाज प्रथमच आपल्या झाडीपट्टीत!’ पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या नाटकांत मुंबई-पुण्याचे कलावंत पाहुणे म्हणून येतात, त्यांच्या चेहऱ्यावर तिकिटं खपतात, हे जुनंच आहे. पण चेहरा कुणाला माहीत नाही अशा बाईंच्या आवाजावर तिकीट विकायचं ज्या कंपनीवाल्याच्या डोक्यात आलं, त्याचं मला कौतुक वाटलं.

तो बेडूक म्हणजे माझ्या बहिणीच्या पोराचा, बारक्याचा, जीव. कार्टूनचं आणि बाईंचं नाव इथे लिहीत नाही, तशी त्यांचीच इच्छा होती. एवढं सांगते की हा बेडूक एका पडक्या विहिरीत राहतो, साऱ्या दुनियेवर वैतागलेला असतो आणि दर भागात एकदा तरी “मेरे कुएँ से दूर रहो!” म्हणून किंचाळतो. आमच्या घरी न्हाणीघराचं दार वाजवलं की आतून हेच ऐकू येतं.

बारक्याने कधीतरी मोबाईलवर कॉमिक कॉनचा व्हिडिओ पाहिला होता. दिल्लीत २०११ साली हे प्रकरण सुरू झालं, आता मुंबईतही भरतं. पोरं आपापल्या आवडत्या पात्रांचे कपडे घालून येतात, चित्रकार भेटतात, आवाज देणारे भेटतात. तेव्हापासून “मावशी, मले तिथं ने” चालू होतं. हिंगणघाटहून मुंबई, राहणं, खाणं, तिकीट, असा हिशेब बारक्याच्या बाबांपुढे मांडला तर ते म्हणाले, “एवढ्यात खताच्या बॅगा येतात.” विषय मिटला. आणि आता बेडूकच इकडे येत होता, तोही माझ्या नणंदेच्या, वडशाजवळच्या गावात.

सकाळी हिंगणघाटच्या स्टँडवरून उमरेडची एसटी धरली. २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, बारक्याचंही वयामुळे अर्धं, म्हणजे आम्ही दोघं मिळून एक पूर्ण माणूस. बारक्याच्या पिशवीत हिरवा रेनकोट होता. जानेवारीत रेनकोट कशाला, हे मी विचारलं नाही. टोपीवर त्याने थर्माकोलचे दोन मोठे डोळे चिकटवले होते, त्यावरून कळत होतंच.

समुद्रपूर, गिरड करत उमरेड आलं. कापसाची पऱ्हाटी मागे पडत गेली. उमरेडला नागपूरहून येणारी वडशाची गाडी मिळाली, उभ्याने. भिवापूरच्या आसपास रस्त्याच्या कडेला मिरचीचे सातरे लागतात. लालभडक मिरचीचे ढीग आणि त्यात बसून देठ खुडणाऱ्या बाया. खिडकीतून तिचा ठसका आत आला की अख्खी गाडी शिंकते. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे, ते नाकाला आधी कळतं. नागभीडला आलूबोंडा खाल्ला. पूर्वी नागपूरहून नागभीडला छोटी गाडी यायची, २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी तीही बंद झाली, नाहीतर बारक्याला त्या खेळण्यातल्या गाडीतून आणलं असतं.

ब्रह्मपुरी सोडलं की रंग पालटतो. बांध्याच बांध्या, धान कापून झालेलं, खुंट उरलेले, मधूनच मळणीवाचून राहिलेले पुंजणे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांचा हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आलं की हाताला काम कमी आणि खिशात चार पैसे. नाटकाचा हंगाम त्यावरच उभा आहे. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून, जो सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो.

वडशाच्या अलीकडे वैनगंगेचा पूल आहे. मी बारक्याला म्हटलं, “ही शेरखानची नदी.” त्याला वाटलं मी थापा मारते. पण खरंच आहे. वैनगंगा उगम पावते शिवनी जिल्ह्यात, आपल्या पेंचच्या वर, मध्य प्रदेशात. किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीला त्याच शिवनीच्या डोंगरांत वाढवलं आणि शेरखानला याच नदीच्या काठी राहायला लावलं. आम्ही लहान असताना, १९९३ मध्ये, दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. ते कार्टून मुळात जपानी, पण हिंदीतल्या शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. आमच्या आळीत टीव्ही एका घरी होता आणि शेरखान बोलायला लागला की माझी आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, “हा मानूस कोन आहे, एवढा कायले तापला?” आजीला वाघ दिसतच नव्हता, तिला माणूस ऐकू येत होता. कार्टूनच्या आत कुणी बसलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

वडशाहून काळीपिवळीत बसून गावी पोचेपर्यंत अंधार पडला. गाडीत आठ जणांच्या जागी किती होते ते मोजायला हात मोकळा नव्हता.

शनिवार

नणंदबाईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, नाटक बसवणाऱ्या गावमंडळात आहेत. झाडीपट्टीत नाटक असं गावाने बोलवायचं असतं : मंडळ कंपनीशी ठरवतं, मंडप टाकतं, तिकिटं विकतं, नफा झाला तर देवळाला रंग, तोटा झाला तर सगळ्यांच्या डोक्याला हात. सकाळी भाऊजींना राहिलेले पैसे द्यायला वडशाला जायचं होतं. बारक्या आणि मी मागे लागून गेलो.

वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज, ही झाडीपट्टीची नाट्यपंढरी. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाट्यकंपन्यांची कार्यालयं आहेत, किराणा दुकानांच्या रांगेत, सायकल दुरुस्तीच्या शेजारी. प्रत्येकाच्या शटरभोवती पोस्टरं. सूड, कुंकू, आई, बहीण, सातबारा, दारू हे विषय फिरून फिरून. आत एक टेबल, एक वही. वहीत तारखा. कुठल्या गावाला कुठलं नाटक, कोण नट, गाडी किती वाजता. भाऊजी पैसे मोजत होते तेवढ्यात कंपनीच्या मालकांनी बारक्याला विचारलं, “बेडूक पाहाले आला का बाबू?” बारक्या म्हणाला, “पाहाले नाही, भेटाले.” मालक हसले. म्हणाले, “भेट होईल, पण बोलणं होईल का ते सांगता येत नाही.” तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

मालकांनी चहा पाजला आणि डॉ. परशुराम खुणेंचा विषय काढला. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या या रंगकर्मीला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून वडशात कुणीही चहा पाजला तरी त्यांचं नाव निघतं, आणि निघावंच. आयुष्य या तंबूंमध्ये काढलेला माणूस राष्ट्रपती भवनात गेला, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या नाटकवाल्यांना किती माहीत आहे, देव जाणे.

दुपारी पट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. शंकरपट आणि रात्री नाटक अशी इकडची जोडीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या काळात नाटकांची गर्दीही ओसरली होती असं भाऊजी सांगतात, कारण पाहुणा पटाला यायचा आणि नाटकाला थांबायचा. दोन दानींवर, म्हणजे धावपट्ट्यांवर, दोन जोड्या सुटल्या की धूळ, आरोळ्या आणि पुढच्या क्षणी सगळं संपलेलं. मला त्यात फारसा रस नाही. बैलांच्या डोळ्यांत मला भीतीच दिसते आणि मी हे भाऊजींना सांगितलं तर ते महिनाभर बोलणार नाहीत.

गावात घराघरांत पाहुणे उतरले होते. नणंदबाईंच्या ओसरीवर इतक्या चपला होत्या की स्वतःची ओळखणं अशक्य. नाटकाच्या निमित्ताने सोयरिकी जुळतात इकडे. एका कोपऱ्यात मुलीची आत्या मुलाच्या मावशीला धानाची बोदं मोजून दाखवत होती. स्वयंपाकघरात भात, पोपटीच्या शेंगांची भाजी, तळ्यातल्या झिंग्यांचा रस्सा. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली मधेच फिरायची.

पाचच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर पांढरी गाडी थांबली. कलावंतांची उतरायची सोय शाळेतच होती. बारक्या रेनकोट घालून, थर्माकोलचे डोळे सारखे करून तासभर आधीपासून उभा. मागचं दार उघडलं आणि एक बाई उतरल्या. चाळिशीच्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, गळ्याभोवती लोकरी मफलर, हातात स्टीलची थर्मास बाटली. बारक्या पुढे झाला आणि त्याने जीव तोडून बेडकासारखी आरोळी दिली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, डोळे मोठे केले, दोन्ही हात गालांशी नेऊन बेडकासारखे फुगवले, आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या.

बारक्याचं तोंड उतरलं. “मावशी, ह्या तं मुक्या आहेत.”

मालक काय म्हणत होते ते आता कळलं. नाटकाआधी बाईंनी मौन धरलं होतं. सोबतच्या माणसाने सांगितलं, दिवसभर गरम पाणी आणि गप्प. तो बेडूक घशाच्या वरच्या टोकातून, आवळून काढावा लागतो, आणि गारठ्यात घसा आवळला तर रात्री काहीच निघणार नाही. बारक्याला हे पटलं नाही. त्याच्या मते खऱ्या बेडकाला घसा दुखत नाही.

नाटक साडेदहाचं होतं, पडदा उघडला साडेअकराला. कापलेल्या बांधीत रंगमंच, समोर कनात, खाली तणस पसरून त्यावर ताडपत्र्या. खुर्च्या पुढे, जमीन मागे. तणशीवर घोंगडी पांघरून बसण्यात जी ऊब आहे ती खुर्चीत नाही, म्हणून आम्ही जमिनीचं तिकीट काढलं. बाजूला ऑर्गन आणि तबला. रंगमंचावर वरून दोरीला टांगलेले माईक. नट बोलायचं असलं की चालत चालत माईकखाली येतो, बोलतो आणि बाजूला होतो. सवय नसेल तर गंमत वाटते, तासाभराने लक्षातही येत नाही. पडद्याआड प्रॉम्प्टर वही घेऊन बसलेला. या नाटकांना तालमी फारशा नसतात. आज इथे, उद्या तिथे, रोज वेगळं नाटक, मग पाठांतर कुठलं. प्रॉम्प्टर वाक्य फेकतो, नट झेलतो आणि आपल्या रंगात रंगवून पुढे पाठवतो. पुढे बसलात तर दोनदा ऐकू येतं.

गोष्ट जमिनीच्या वाटणीची. बाई मुंबईहून आलेल्या धाकट्या सुनेच्या भूमिकेत होत्या, जिला सातबाऱ्यावर नाव हवं असतं. खरं सांगायचं तर पहिले दोन अंक त्या बिचकलेल्याच दिसल्या. नाटक तोलून धरलं होतं ते विनोदी नटाने. पोस्टरवर कोपऱ्यात टाकलेला हा इथलाच माणूस. त्याने प्रॉम्प्टरचं वाक्य घेतलं असं एकदाही वाटलं नाही. त्याने पुढच्या रांगेतल्या पोलीस पाटलाची थट्टा केली, गावातल्या बंद पडलेल्या नळयोजनेवर दोन टोमणे मारले आणि मागच्या रडण्याच्या प्रसंगाचं पाणी करून टाकलं. पाहुण्या कलावंताला त्याच्यापेक्षा जास्त मानधन मिळत असणार, आणि हे मला काही बरोबर वाटत नाही. मधूनमधून नाच होते. तेवढे नसते तर नाटक दीड तास आधी संपलं असतं, पण मग आजूबाजूच्या पोट्ट्यांनी तिकीट काढलं नसतं, हेही खरं.

बारक्याच्या रेनकोटचा चुरचुर आवाज होत होता. मागच्या आजी म्हणाल्या, “बाबू, काढ ना थे, नाटक आयकू येत नाही.” त्याने काढला नाही, हलायचं थांबला.

तिसऱ्या अंकात विनोदी नट सुनेला विहिरीवर गाठतो. विहीर म्हणजे रंगवलेला पुठ्ठा. तो आत डोकावून म्हणतो, “बाई, हिरीत कोनतरी आहे.” आणि बाईंनी तोंड फिरवून तो आवाज काढला. टीव्हीवरचाच, हुबेहूब, नाकातला, चिरका. पण तो मागच्या रांगांपर्यंत पोचलाच नाही. मागून आरडाओरडा : “आवाज! आवाज!” काही सेकंद बाई तशाच उभ्या. प्रॉम्प्टरने काहीतरी पुटपुटलं. मग त्या सरळ पुढच्या माईकखाली आल्या, मान वर केली आणि पोटातून ओरडल्या :

“माह्या हिरीपासून दूर राय बे!”

तंबू उसळला. शिट्ट्या, टाळ्या, कुणी टोपी फेकली. एका ओळीने मुंबईची सून गावची झाली. विनोदी नटाने ते वाक्य त्यांच्याकडून आणखी दोनदा काढून घेतलं, एकदा पोलीस पाटलाकडे बोट दाखवून. मी बारक्याकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. बराच वेळ विचार करून म्हणाला, “मावशी, हा म्हातारा बेडूक आहे.”

रविवार

पडदा पडला तेव्हा कोंबडं आरवून गेलं होतं. कलावंतांचा चहा-नाश्ता नणंदबाईंकडे होता, भाऊजींनी हे गुपित शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. अंगणात शेकोटी, तिच्याभोवती अर्धवट रंग पुसलेले चेहरे. पोलीस कांदे चिरत होता. मेलेली आई चना-पोहे खात होती. आणि बाई बोलत होत्या. सारखं बोलत होत्या, दिवसभराचं साचलेलं. साधा, थोडा बसका आवाज, डोंबिवलीच्या कुठल्याही बाईचा वाटेल असा.

बारक्या माझ्या मागे लपला. मी पुढे ढकलला तर पहिलं वाक्य काय बोलावं, “तुम्ही रात्री म्हातारा बेडूक काढला.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाई मात्र एकदम गंभीर झाल्या. त्यांनी त्याला शेजारी पाटावर बसवलं. “तुला कळलं? बरोबर आहे तुझं. टीव्हीवरचा घशातला असतो, रात्रीचा पोटातला.” मग त्यांनी हाताने दाखवलं. डबिंगच्या बूथमध्ये माईक तोंडापासून वीतभर. कुजबुजलं तरी पुरतं, म्हणून आवाज बारीक, आवळून, टोकदार करता येतो. इथे माईक डोक्यावर आणि माणसं पार बांधापर्यंत. तो आवाज पसरून विरतो. “म्हणून जरा जाडा केला. जाडा केला की वय वाढतं.”

“मंग टीव्हीवरचा काढा ना.”

“चहा संपू दे.”

तो संपेपर्यंत तिने पुष्कळ सांगितलं. (मधेच केव्हातरी मी मनात बाईंची ‘ती’ केली, इतकी ती घरातली होऊन गेली.) बूथ म्हणजे छोटीशी बंद खोली, पंखासुद्धा बंद, कारण त्याचा आवाज येतो. कानात हेडफोन, त्यात मूळ कार्टूनचं जपानी. समोर पडदा, त्यावर बेडकाचं तोंड उघडतंय, मिटतंय. तोंड मिटेल तिथे वाक्य संपलं पाहिजे. हिंदी वाक्य लांब झालं तर तिथल्या तिथे शब्द कापायचे, आखूड पडलं तर एखादं “अरे” घुसवायचं. बेडकाचं तोंडच एवढं मोठं की चुकलं तर लगेच दिसतं. कागद हातात पडतो तोही बहुतेक वेळा आत गेल्यावर. “म्हणून हे तुमचं प्रॉम्प्टरचं मला जड गेलं नाही. वाक्य कानात पडलं की तोंडातून काढायचं, हेच करते मी. लोक समोर असण्याची सवय नव्हती.” किंचाळणं, धापा, पडल्याचे आवाज हे सगळ्यात शेवटी घेतात. आधी घेतले तर घसा जातो आणि बाकीचं काम बोंबलतं. भागाचे पैसे एकदा मिळाले की विषय संपला. तेच भाग वर्षानुवर्षं परत परत लागत राहतात, त्याचं वेगळं काही नाही. हे तिने रडगाणं म्हणून सांगितलं नाही, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगितलं.

बारक्याचा खरा आक्षेप वेगळाच होता. बेडूक बाप्या, मग आवाज बाईचा कसा? ती म्हणाली, “डोरेमॉन माहीत आहे ना? जपानमध्ये १९७९ पासून २००५ पर्यंत त्याचा आवाज एकाच बाईंचा होता, नोबुयो ओयामा. २०२४ मध्ये गेल्या त्या. आणि शिनचॅन? अकिको याजिमा, १९९२ पासून २०१८ पर्यंत. त्याही बाईच.” कारण सरळ आहे. पोराचा आवाज वयात आला की फुटतो, मग मालिका मधेच अडकते. बाईचा आवाज वीस-पंचवीस वर्षं तसाच राहतो. शेकोटीपलीकडून पोलीस म्हणाला, “आमच्या दंडारीत, जुन्या लोकनाट्यात, उलटं होतं जी. बाया नव्हत्या, बाप्येच लुगडं नेसून बाया व्हायचे.” ती हे ऐकून इतकी खूश झाली की तिने त्याच्याकडून दंडारीतली चाल चालवून घेतली.

चहा संपला. बारक्याने एक प्रसंग सुचवला. बेडकाच्या विहिरीत कासव पडतं तो भाग. तिला आठवेना. “कासव? कधी पडलं?”

बारक्या अवाक. जिने बेडूक बोलला तिला बेडकाचं आयुष्य माहीत नाही? मग त्याने तिला अख्खा भाग सांगितला, हातवारे करून, पोहे थंड होईपर्यंत. ती ऐकत होती, मधे विचारत होती, “मग? मी काय केलं?” तिने सांगितलं की ती भाग कधी पूर्ण पाहतच नाही. तिची वाक्यं सलग रेकॉर्ड होतात, कासवाचा आवाज देणारा माणूस दुसऱ्याच दिवशी येऊन आपली वाक्यं बोलून जातो. तिची त्याची भेट एकदाच झाली आहे, स्टुडिओच्या जिन्यावर.

“मंग मी कासव होतो,” बारक्या म्हणाला.

आणि झाला. त्याला कासवाची सगळी वाक्यं पाठ होती. तिने मफलर सोडला, खांदे वर उचलले, मान आत ओढली, खालचा ओठ बाहेर काढला. बोलायच्या आधीच बाईची बेडकी झाली. मग तो आवाज आला, टीव्हीवरचा, तरणा, चिरका : “मेरे कुएँ से दूर रहो!” ओसरीवरचे झोपलेले पाहुणे उठून बसले. बारक्याने कासवाच्या संथ स्वरात उत्तर दिलं, “कुआँ तेरा, तो पानी किसका?”

ती एकदम थांबली. आवाज गळून पडला. “असं म्हणतो तो?”

“हो. मंग तुम्ही ओरडता.”

“अगं बाई.” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मला आठवतंय, त्या दिवशी मला नुसतं सांगितलं होतं, इथे खूप चिडायचं, चार टेक झाले. कशावर चिडायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर माझीच वाक्यं, आणि कानातलं जपानी मला थोडंच कळतंय!” मग बारक्याला म्हणाली, “परत म्हण.”

त्याने परत म्हटलं. आणि यावेळी ती जी चिडली, ती टीव्हीवरच्यापेक्षा कितीतरी चांगली चिडली. शेवटी हसू फुटलं म्हणून वाक्य अर्धवट राहिलं. मग कासवाचा सूर त्याला जरा खाली हवा होता, तो तिने शिकवला. दोघांनी आणखी तीन भाग केले. विनोदी नट विहिरीचा पुठ्ठा घेऊन आला आणि बगळा होऊन मधे घुसला. बगळा त्या कार्टूनमध्ये नाहीच, पण बारक्याने चालवून घेतला.

दहाच्या सुमारास गाडी आली. त्यांना रात्री दुसऱ्या गावी, दुसऱ्या नाटकात जायचं होतं. जाताना तिने बारक्याच्या रेनकोटवर पाठीमागे मार्करने सही केली आणि माझा नंबर घेतला. “याला माझे सगळे भाग लिहून पाठवायला सांगा. काय काय झालं ते. मला खरंच माहीत नाही.” गाडीचं दार लावलं आणि काचेआड पुन्हा मफलर, पुन्हा थर्मास, पुन्हा मौन.

आम्ही दुपारभर झोपलो. संध्याकाळी बारक्याला खरा बेडूक पाहायचा होता, म्हणून भाऊजी आम्हाला मामा तलावावर घेऊन गेले. माजी मालगुजारांच्या काळातले असे तलाव इकडे गावोगावी आहेत, धानाला पाणी त्यांचंच. पाळीवर मोहाची जुनी झाडं, पाण्यात बदकांचा मोठा थवा, बेडूक मात्र दिसेना. भाऊजी म्हणाले, “आता कुठचा बेडूक? मातीत झोपला आहे. मिरगाले उठन.” बारक्याने काठाच्या चिखलाला तोंड लावून कासवाचं वाक्य म्हटलं. उत्तर आलं नाही. त्याला पॅन्ट धुवावी लागली.

सोमवार

वडशाहून सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बारक्याने वही काढली. पहिल्या पानावर ‘भाग १ : बेडूक आणि चोर’ असं लिहून त्याखाली रेघ मारली. नागभीडपर्यंत तो अकराव्या भागावर होता आणि ‘बेडूक रागावतो’ हे वाक्य प्रत्येक भागाखाली येत होतं. मी म्हटलं, “का रागावतो तेही लिही, त्यांना तेच पाहिजे.” मग त्याने मागे जाऊन सगळीकडे कारणं भरली. अक्षर एसटीमुळे गचके खात होतं.

भिवापूरला तिकीट तपासायला कंडक्टर आले आणि वहीत डोकावले. “काय लिहून रायला बे?” बारक्याने सांगितलं. त्यांनी विचारलं, “कासववाला भाग घेतला का?” घेतला होता. “आन् तो पुराचा? ज्याच्यात त्याची हीर भरून जाते?” तो राहिला होता. कंडक्टर शेजारच्या सीटवर टेकले, तिकिटांचं मशीन मांडीवर ठेवलं आणि त्यांनी तो भाग सांगायला सुरुवात केली. घरी दोन पोट्टे आहेत, म्हणाले, रोज जेवताना तेच चालू असतं. त्यांच्या मते पुरात बेडूक रडतो. बारक्याच्या मते रडत नाही, पाऊस असतो म्हणून तसं वाटतं. उमरेड येईपर्यंत दोघांचं जमलं नाही, आणि शेवटी वहीत दोन्ही लिहून त्यापुढे ‘ताईंना विचारणे’ असं लिहायचं ठरलं.